गुरुवारची मीटिंग नक्की कशासाठी असते?

लेथवाला

मंडळी, एक सल्ला हवा आहे. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, चार माणसं. ज्यांचं जॉबवर्क मी आठ वर्षं करतोय ते एक गिऱ्हाईक, वयानं मोठे, मी काकाच म्हणतो त्यांना, एका सर्व्हिस क्लबात, म्हणजे रोटरीत, आहेत. त्यांनी मला सलग तीन गुरुवार पाहुणा म्हणून नेलं आणि आता मेंबरशिपचा फॉर्म हातात ठेवलाय.

तीन मीटिंगांत पाहिलं ते असं. ताराबाई पार्कातलं हॉटेल. वेळ साडेसातची, सुरू आठला. अध्यक्षांच्या गळ्यात रुंद पट्टा, त्यावर ओळीनं बिल्ले. समोर पितळी घंटा, ती वाजली की सगळे गप्प. राष्ट्रगीत. मग चार प्रश्न सगळ्यांनी उभं राहून म्हणायचे. मग वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरींच्या सूचना, पाहुण्यांचं भाषण (पहिल्यांदा गुंतवणूक, दुसऱ्यांदा गुडघेदुखी, तिसऱ्यांदा परत गुंतवणूक), आभार, घंटा, जेवण. दोन तासांत प्रत्यक्ष कामावर बोलणं झालं ते जेमतेम दहा मिनिटं.

वर्षाची वर्गणी म्हणजे माझ्या शॉपचं एका महिन्याचं लाईट बिल. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "सेवाच करायची तर हॉटेलात जाऊन कशाला करायला पाहिजे?" मला उत्तर सुचलं नाही.

तर प्रश्न एवढाच. शिबिर महिन्याकाठी एखादं. मग दर आठवड्याला भेटायचं कशाला? व्हॉट्सॲप ग्रुपवर भागत नाही का? माहिती द्या, टिंगल नको. (कोल्हापूर आहे, टिंगल होणारच.)

कट वाढ

पनीर कुठल्या रंगाचं होतं? लाल असेल तर जावा बिनधास्त. पांढरं असेल तर काका पुढच्या महिन्यात देणगीची पावती फाडणार.

गंगावेस

दोन तास बसून दहा मिनिटं काम? मग आमची तालीम काय वाईट हाय भावा? आमच्यात घंटा नाही, पट्टा नाही, वर्गणी गणपतीला. रात्री दूध कट्ट्यावर उभं राहून ठरतं आणि सकाळी पोरं कामावर असतात. 2019 ला पाणी सुतारवाड्यात शिरलं तेव्हा कुणी ठराव मांडला नव्हता. काहिली (गुळाच्या मोठ्या कढया), टायरच्या ट्यूबा, मिळंल ते घेऊन पोरं पाण्यात. विषय संपला.

माजी सेक्रेटरी

लेथवाला, मी रोटरीत 19 वर्षं आहे, दोनदा सेक्रेटरी होतो. जमेल तेवढं सांगतो.

आठवड्याला भेटायची प्रथा पहिल्यापासूनची. शिकागोत 23 फेब्रुवारी 1905 ला पॉल हॅरिस या वकिलानं तीन ओळखीच्यांना जमवलं, तीच पहिली बैठक. सुरुवातीला पाळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात भेटत, त्यावरून 'रोटरी' हे नाव. तेव्हा सेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. मोठ्या शहरात ओळखपाळख नाही, धंदा करायचा तर चार विश्वासाची माणसं पाहिजेत, एवढाच हिशोब. सेवा नंतर चिकटली. तेव्हा 'आधी ओळख, मग काम' हा क्रम कुणा कोल्हापूरकरानं बिघडवलेला नाही, मुळातच तसा आहे.

तुम्ही ऐकलेले चार प्रश्न म्हणजे 'फोर वे टेस्ट'. हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाकडे 1932 च्या मंदीत बुडायला आलेली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी आली होती. तिच्या कामगारांसाठी त्यानं ते लिहिले. खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्यातून सलोखा वाढेल का, सगळ्यांच्या भल्याचं आहे का. वर्कशॉपवाल्याला हे पटायला हरकत नाही. उधारी मागताना दुसऱ्या प्रश्नावर गाडी अडते, हा माझा अनुभव.

आणि दर आठवड्याला भेटलंच पाहिजे हा नियम आता राहिलेला नाही. 2016 पासून क्लबांना मोकळीक आहे, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. आमच्याकडे तसं करायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा पडला. विरोधात सगळ्यात जोरात कोण होतं? ज्यांची हजेरी सगळ्यात कमी ते.

वर्गणीचा थोडा भाग जगाच्या ऑफिसला, थोडा डिस्ट्रिक्टला (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाला) आणि मोठा भाग जेवणाला जातो. प्रकल्पाचे पैसे वेगळे काढावे लागतात. हे फॉर्म देताना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

रंकाळ्याचा वारा

> विरोधात सगळ्यात जोरात कोण होतं? ज्यांची हजेरी सगळ्यात कमी ते.

हे सोसायटीच्या मीटिंगलाही लागू.

पुण्यातला कोल्हापूरकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं बिझनेस नेटवर्किंग आहे. व्हिजिटिंग कार्डं वाटायची आणि मधूनमधून एखाद्या शाळेला पंखा द्यायचा. पंखा दीड हजाराचा, बॅनर दोन हजारांचा, फोटोत माणसं बावीस. मी इकडे एका क्लबात वर्षभर होतो, सोडला.

कट वाढ

पुण्यात दोन हजारांचा बॅनर? आमच्याकडं तेवढ्यात चौकभर फ्लेक्स लागतोय आणि वर उगवत्या नेतृत्वाचा गॉगलवाला फोटो.

शिरोळकर

गंगावेस दादा, तालमीच्या पोरांनी माणसं काढली, त्याला तोड नाही. आमच्या गावातही अशीच पोरं होती. पण तुम्ही पाणी चढतानाचं सांगताय, मी उतरल्यावरचं सांगतो.

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. त्या वर्षी ती 55 च्या वर गेली. शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींच्या मिठीत, पाणी चढतं उशिरा आणि हलतं त्याहून उशिरा. पाणी उतरल्यावर मदतीचे ट्रक सुरू झाले. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुन्या साड्या. बिस्किटं इतकी आली की शेवटी म्हशींना घातली. खोटं वाटेल, पण म्हशीच उपाशी होत्या. वैरण कुणी आणलीच नव्हती.

त्यात एका क्लबाचा (नाव नको, त्यांना आवडणार नाही) फोन आला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय नको आहे ते सांगा." असं विचारणारे ते एकटेच. आम्ही सांगितलं, कपडे नको, खाणं नको. चिखल काढायला फावडी, खराटे, फिनेल, विहिरी उपसायला पंप आणि जनावरांचा डॉक्टर. तिसऱ्या दिवशी सगळं दारात. नंतर कळलं, त्यांच्यात एक पंपांचे डीलर, एक औषधांचे होलसेलवाले, एकाचा मेहुणा पशुवैद्यक. कुणाकडे काय आहे हे त्यांना पाठ होतं, कुणाला विचारत बसावं लागलं नाही. ते पाठ कुठं झालं असेल, लेथवाले? तुमच्या त्या वाढदिवस आणि गुडघेदुखीच्या मीटिंगांतच की.

गंगावेस

हे बरोबर हाय. वैरणीचं आमच्याही डोक्यात आलं नव्हतं तेव्हा. 2021 ला मात्र आम्ही वैरण पाठवली, चिखलीला. शिकलो.

मंगळवार पेठेतली मावशी

सगळे पुरुष दिसताय धाग्यावर, म्हणून लिहिते. मी सी.ए. आहे. बारा वर्षांपूर्वी एका क्लबात गेले. तिथं सदस्यांच्या बायकांना 'ॲन' म्हणायची पद्धत होती, मुलांना 'ॲनेट'. मी स्वतः सदस्य, नवरा नाही, तर याला काय म्हणायचं यावर एक अख्खी मीटिंग झाली. नवरा घरी बसून हसत होता.

बायकांना रोटरीचं सदस्यत्व मिळालं तेच मुळी कोर्टामुळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1987 चा, आणि नियम बदलले 1989 ला. त्याआधी आपल्यासाठी वेगळं इनर व्हील, रोटरीवाल्यांच्या बायकांचा क्लब. ते काम वाईट नाही, माझ्या जाऊबाई तिथं आहेत आणि आमच्यापेक्षा जास्त करतात.

तर मला पहिल्या वर्षी कुठली समिती दिली असेल? स्वागत. दारात उभं राहून गुलाब द्यायचे. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, गुलाब कुणीही देईल, मला हिशोब द्या. हिशोब हातात आल्यावर पहिली दुरुस्ती केली: जेवणाचे पैसे येईल त्यानं त्या दिवशी द्यायचे, वर्गणीत नाहीत. हजेरी कमी झाली नाही. पनीर तेवढं बदललं.

लेथवाला, जायचं असेल तर हिशोब बघायला मागा. जो क्लब पाहुण्याला हिशोब दाखवतो तो चांगला. बाकी बिल्ले किती आहेत ते मोजू नका.

माजी सेक्रेटरी

मावशी, हिशोबाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'ॲन'चं काय सांगू, आमच्याकडे अजून दोन पीपी (माजी अध्यक्ष, नवख्यांसाठी) तसंच म्हणतात. त्यांच्या बायका त्यांना परस्पर फाइन लावतात.

रंकाळ्याचा वारा

फाइन म्हणजे?

माजी सेक्रेटरी

सार्जंट-ॲट-आर्म्स म्हणून एक पद असतं. नाव फौजदारासारखं, काम खुर्च्या मांडायचं आणि दंड गोळा करायचं. मोबाईल वाजला, दंड. पिन लावली नाही, दंड. पेपरात फोटो आला, दंड. नवी गाडी घेतली आणि सांगितलं नाही, डबल. एकांनी मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद म्हणून आपण होऊन दंड भरला आणि चार महिन्यांनी जावई पसंत नाही म्हणून परत भरला. डब्यात जमतं त्यातून वर्षाला दोन-तीन मुलांच्या वह्या-पुस्तकांचं भागतं.

रक्तगट ओ निगेटिव्ह

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, कुठल्या ते विचारू नका. क्लबवाले, तालीमवाले, पक्षवाले सगळे इथं दिसतायत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तुमची रक्तदान शिबिरं कधी असतात? 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, नेत्याचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन. एका रविवारी शहरात पाच शिबिरं आणि प्रत्येकाला आकडा पाहिजे, शंभरच्या वर, बातमीत छापायला. रक्ताची पिशवी साधारण 35 दिवस टिकते. प्लेटलेट्स तर 5 दिवस. ऑगस्टमध्ये फ्रिजमध्ये जागा नसते. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन डोक्यावर, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोरांच्या आया आमच्या काउंटरवर उभ्या. त्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना वर्धापनदिन कळत नाही.

पुरुषाला तीन महिन्यांनी परत देता येतं, बाईला चार. म्हणजे ऑगस्टात एकदम दीडशे जणांना झोपवलं की तेच दीडशे नोव्हेंबरपर्यंत बाद. मला दीडशे नको आहेत. मला दर आठवड्याला दहा पाहिजेत.

एका क्लबाच्या अध्यक्षांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दहाच? मग फोटो कसा यायचा?" पण त्यांच्याच क्लबातल्या एकीनं ते उचललं. आता त्यांच्या दर मीटिंगला एक वही फिरते. या आठवड्यात कोण देणार, पाच नावं. मेपासून ऑगस्टपर्यंत वही चुकली नाही. तर लेथवाले, दर आठवड्याला भेटून काय होतं त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

गंगावेस

ओ निगेटिव्ह भाऊ, नंबर द्या. तालमीत पन्नास पोरं हायत. वही मी फिरवतो.

रक्तगट ओ निगेटिव्ह

व्यनि (खासगी निरोप) केला. पण व्यायाम करून लगेच येऊ नका, पाणी पिऊन, खाऊन या. मागं एक पैलवान चक्कर येऊन पडला, उचलायला आम्ही पाच जण लागलो.

कट वाढ

पैलवानाला सुईची भीती असते, हे जगजाहीर गुपित आहे.

निवृत्त मास्तर

पंखा दिल्याची तक्रार वाचली. मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो, म्हणजे मी पंखा घेणारा पक्ष.

आमच्या शाळेला एका संस्थेनं हात धुण्याचं स्टेशन बांधून दिलं. सहा नळ, टाइल्स, वर संस्थेचं नाव. उद्घाटनाला पाणी टँकरचं होतं. टँकर गेला आणि पाणीही गेलं, कारण टाकीची जोडणी अंदाजपत्रकात नव्हती. नळ मोठ्या माणसाच्या उंचीचे. पहिलीतली मुलं उड्या मारून हात लावत. साबण दुसऱ्याच दिवशी नाहीसा. साबण नेणाऱ्याला मी दोष देत नाही, घरी नसेल तर नेणारच.

दोन वर्षं ते तसंच. मग दुसऱ्या एका क्लबाचे दोघे जण आले, एक प्लंबिंगचे कंत्राटदार, एक बाई दंतवैद्य. काही बांधलं नाही. अर्ध्या इंचाची पाइप जोडली, तीन नळ खाली घेतले, आणि साबणाच्या वड्या जुन्या पायमोज्यात घालून नळाला टांगल्या. मोज्यातला साबण कुणी नेत नाही, फेस मात्र येतो. खर्च विचारला तर म्हणाले, मास्तर, चहा द्या. मग दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणी ना कुणी मोजे बघायला येत राहिलं. संस्थेचं नाव अजून वर आहे, पहिल्याच संस्थेचं.

पुण्यातला कोल्हापूरकर

मास्तर, हे आवडलं. माझं म्हणणं थोडं मागे घेतो. थोडंच.

रंकाळ्याचा वारा

अवांतर, पण राहवत नाही. क्लब 1905 चे म्हणून कौतुक चाललंय. दसरा चौकात उभं राहून बघा. आपल्याकडे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 चं, आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगांची रांगच लागली. शाहू महाराजांनी नुसती इमारत दिली नाही, त्यांना जागा आणि उत्पन्नाची सोयही लावून दिली, म्हणून महाराज गेल्यावरही ती चालली. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवं घोषवाक्य, मागच्याचा प्रकल्प बंद, असला प्रकार तिथं नव्हता. क्लबांचं वर्ष 1 जुलैला बदलतं ना? त्याच महिन्यात एकाच खड्ड्यात दर वर्षी झाड लावताना मी पाहिलंय. खड्डा आता अनुभवी झालाय.

माजी सेक्रेटरी

खड्ड्याचा टोला मान्य. वर्ष बदलणं हा आमचा खरा रोग आहे. पण एक गोष्ट धरून ठेवली तर काय होतं तेही सांगतो. पोलिओ. रोटरीनं 1985 ला हातात घेतला, आणि तेव्हापासून कितीतरी अध्यक्ष आले गेले, तो सोडला नाही. काम अर्थात सरकारचं आणि आशाताई-अंगणवाडीताईंचं, आम्ही बूथवर बर्फाचे डबे पोचवणं, रिक्षा फिरवणं, पोरांच्या करंगळीला शाई लावणं एवढंच. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं त्या गुरुवारी आमच्या मीटिंगला भाषण नव्हतं. एक पीपी उठले, त्यांचा स्वतःचा डावा पाय पोलिओचा. काही बोलले नाहीत, दंडाच्या डब्यात पाचशेची नोट टाकून खाली बसले.

कट वाढ

यावर विनोद नाही. पुढे चला.

शिरोळकर

धागाकर्ते कुठं गेले? फॉर्म भरला का?

लेथवाला

आहे, आहे. वाचत होतो. गेले दोन आठवडे ऑर्डरची घाई होती.

चौथ्या गुरुवारीही गेलो. मावशींनी सांगितल्याप्रमाणे काकांकडे हिशोब मागितला. काका जरा गोरेमोरे झाले, पण खजिनदारांनी टेबलावरच फाइल उघडली. जेवणाचा आकडा बघून मी काही बोललो नाही, तेच हसले.

त्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत. अर्धा तास मोकळा. अध्यक्ष म्हणाले, गप्पा मारा. माझ्या टेबलावर एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या सांगत होत्या, क्लबानं पाच-सहा वर्षांपूर्वी व्हीलचेअर वाटल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच आता लोकांच्या अंगणात पडून आहेत. पुढची छोटी चाकं जाम, नाहीतर गायब. लोक दुरुस्तीला नेतात कुठं, तर सायकलवाल्याकडे, आणि तो म्हणतो हे माझं नाही. यंदा नव्या खुर्च्या द्यायच्या का, यावर त्यांची चर्चा चालली होती. मी सहज म्हटलं, चाकाचा बुश आणि बेअरिंगचाच प्रश्न असणार, एक आणून दाखवा.

एक म्हटलं होतं. शुक्रवारी टेम्पोतून अकरा आल्या.

आता शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पण काम सोपं आहे. पुढच्या कास्टरला बहुतेकांत 608 चं बेअरिंग, ते बाजारात मिळतं. काहींत बेअरिंगच नाही, नुसता प्लास्टिकचा बुश, तो झिजून अंडाकृती झालाय. त्याला नायलॉनच्या रॉडमधून नवे बुश काढले, एकाला दहा मिनिटं. माझ्याकडे शिकाऊ पोरगा आहे, त्यानं सगळे टर्न केले. रविवारी डॉक्टरीणबाई आणि ते खजिनदार स्वतः येऊन ग्रीस लावत बसले होते. बायको चहा घेऊन आली, बघितलं, म्हणाली, "हे हॉटेलापेक्षा बरं आहे." आणि त्या डॉक्टरीणबाईंना आपली सांधेदुखी सांगत तासभर बसली.

सात झाल्या, चार राहिल्यात. फॉर्म ड्रॉवरमध्येच आहे. दंडाची भीती वाटते, मागच्या महिन्यात सेकंडहॅण्ड गाडी घेतली आहे.

माजी सेक्रेटरी

सेकंडहॅण्डला अर्धा दंड. मी बोलतो सार्जंटशी.

मंगळवार पेठेतली मावशी

लेथवाला, माझ्या सासूबाईंची खुर्ची आहे, पुढचं उजवं चाक घासतं. बघाल का? कधी आणू? पैसे घ्यायचे, फुकट नको.

लेथवाला

आणा की. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, गुरुवारी सातनंतर मी नसतो, बाकी कधीही. आणि मावशी, एकच चाक काढून आणू नका, खुर्चीच आणा. एका बाजूचा बुश नवा आणि दुसरा जुना राहिला की ती सरळ चालत नाही, सारखी डावीकडे ओढते.